परवीन मिस्त्री मालिका: कोण कोण वाचतंय? (चर्चेचा धागा, सभासदांच्या टोपणनावांसह)

तळटीप:

गेल्या दोन महिन्यांत सुजाता मॅसी यांच्या परवीन मिस्त्री मालिकेचे पहिले चार भाग ओळीने वाचून काढले. आता कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवत नाहीये, म्हणून हा धागा. रहस्यकथा वाचणारे, इतिहास वाचणारे, जुन्या मुंबईवर जीव असणारे, सगळ्यांनी या. खुनी कोण हे मी कुठेही सांगणार नाही. प्रतिसाद देणाऱ्यांनीही तेवढं पथ्य पाळा.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. परवीन ही मुंबईतली तरुण पारशी मुलगी, ऑक्सफर्डला कायदा शिकून आलेली. वडील जमशेदजी यांची फोर्टात ब्रूस स्ट्रीटवर (आताचा होमी मोदी स्ट्रीट) वकिलीची पेढी आहे, तिथे ती सॉलिसिटर म्हणून काम करते. साल १९२१. कोर्टात उभं राहून बाजू मांडायची बाईला मुभा नाही, त्यामुळे तिच्या वाट्याला कागद येतात. मृत्युपत्रं, करारनामे, मिळकतींच्या याद्या.

पहिल्या भागात, म्हणजे 'द विडोज ऑफ मलबार हिल'मध्ये (२०१८), एक श्रीमंत मुसलमान गिरणीमालक वारलेला असतो आणि त्याच्या तीन विधवांच्या वारशाचं काम पेढीकडे येतं. तिघींनी आपला सगळा हक्क एका धर्मादाय कामासाठी सोडून दिलाय, असा कागद टेबलावर असतो. परवीन सह्या बघते. तिघींतल्या एकीच्या नावापुढे सहीच नाही, नुसती फुली आहे. जिला आपलं नाव लिहिता येत नाही तिने हा कागद वाचला कसा? वाचला नसेल तर आपण काय सोडून देतोय हे तिला कुणी सांगितलं? आणि सगळं देऊन टाकल्यावर या तिघी खाणार काय?

मी त्या पानावर थांबले आणि पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले. खून अजून झालेला नाही, रक्ताचा थेंब नाही, आणि तरी पोटात गोळा आला. एका फुलीने.

या तिघी कडक पडद्यात राहतात. परपुरुषाशी बोलत नाहीत, जनान्याबाहेर येत नाहीत. त्यामुळे कितीही नावाजलेला गुप्तहेर आणून उभा केला तरी तो जाळीच्या अलीकडेच थांबणार. पोलीस तिथेच थांबणार, न्यायाधीश तिथेच थांबणार. आत जाऊ शकते ती एकटी परवीन. ज्या कारणासाठी कोर्टाने तिला दाराबाहेर ठेवलं, नेमक्या त्याच कारणासाठी हे दार तिला उघडतं. बंद खोलीतला खून हा रहस्यकथेचा जुना लाडका प्रकार आहे. पण खोली रिवाजाने आणि कायद्याने बंद झालेली, आतली माणसं जिवंत, आणि चावी असलेली शहरात एकच बाई, अशी मांडणी माझ्या वाचनात पहिल्यांदा आली.

आणखी एक. परवीन पाठलाग करत नाही, पिस्तूल चालवत नाही. ती ऐकते. तिघी विधवांना एकत्र बसवत नाही, एकेकीशी वेगळं बोलते, कारण थोरलीसमोर धाकटी मोकळी होणार नाही हे तिला कळतं. आधी मेहेर म्हणजे काय ते समजावून सांगते. लग्नाच्या वेळी द्यायचा भाग कुठला आणि नवरा गेल्यावर किंवा तलाक झाल्यावर द्यायचा कुठला, आणि तो तुमचा आहे, कुणी मागितला म्हणून द्यायचा नसतो, हे सांगते. मग गप्प बसते. त्या गप्प बसण्यात अर्धा तपास होतो.

तुम्ही वाचलंय का? कुठला भाग आवडला? काय खटकलं? सगळं लिहा.

निशाचर:

वा, या मालिकेवर धागा येईल असं वाटलंच नव्हतं. पहिला भाग मी दोन रात्रींत संपवला. सुरुवातच किती नेमकी आहे. परवीन सकाळी पेढीवर येते आणि दारात एक अनोळखी बंगाली माणूस बसलेला असतो. तो तिथे का, हे कळायला बरीच पानं जातात, पण ती त्याला बघून जशी आक्रसते त्यावरूनच समजतं की कलकत्त्यात काहीतरी घडून गेलंय. मग कथा १९१६ मध्ये मागे जाते. दोन काळ आलटून पालटून चालतात आणि दोन्हीकडे एक एक गाठ सुटत जाते.

लेखिका मूळच्या पत्रकार, ते जाणवतं. घर, रस्ता, कपडे, सगळं बघून लिहिल्यासारखं. याआधीची त्यांची री शिमुरा मालिकाही चांगली आहे. तिथली नायिका टोकियोत जुन्या वस्तूंचा व्यवहार करते. पण परवीनचं वजन वेगळं.

अंकलिपी:

मी जरा वेगळं मत मांडतो. पहिला भाग आवडला, पण रहस्यकथा म्हणून मला तो सैल वाटला. कलकत्त्याचा सगळा भाग, परवीनचं लग्न, सासर, हे मूळ गुन्ह्याशी जोडलेलं नाही. ते काढलं तर कोडं तसंच राहतं. मी कोड्यासाठी वाचणारा माणूस आहे. धागेदोरे वाचकासमोर ठेवावेत, संशयितांना सारखी संधी द्यावी, आणि शेवटी 'अरे, हे तर समोरच होतं' असं वाटायला लावावं. इथे तसं पूर्ण होत नाही. अर्ध्याहून जास्त मजा काळाची आहे, कोड्याची कमी. ते वाईट आहे असं नाही, पण वाचणाऱ्याला आधी माहीत असावं.

तळटीप:

अंकलिपी, कोड्याबद्दल तुमचं म्हणणं काही अंशी मान्य. संशयित कमी आहेत आणि गुन्हाही तसा उशिरा येतो. पण कलकत्त्याचा भाग काढता येईल हे मला अजिबात पटत नाही.

परवीनच्या लग्नाचं पुढे काय झालं ते सांगत नाही, पण तेव्हाचा कायदा काय होता ते सांगते. पारशांचा विवाह आणि घटस्फोटाचा कायदा १८६५ चा. त्यात बायकोला घटस्फोट मागायची कारणं मोजून दिलेली होती. नवऱ्याने विवाहित बाईशी संबंध ठेवले, किंवा अविवाहित बाईशी ठेवले, तर दावा लावता येई. पण त्या अविवाहित बाईपुढे एक पुस्ती जोडलेली होती: 'ती वेश्या नसल्यास'. म्हणजे नवरा वेश्येकडे जात असेल तर नुसत्या त्या कारणावर सुटका नाही. मारहाण असेल तर फार तर कायद्याने वेगळं राहायची परवानगी. लग्न तसंच गळ्यात. दुसरं लग्न करायचं नाही, कुणावर जीव जडला तरी पुढे जायचं नाही. हा कायदा बदलायला १९३६ उजाडलं.

आता विचार करा, जी बाई स्वतः एका कागदातल्या एका पुस्तीमुळे अडकून पडली आहे, ती दुसऱ्या बाईच्या नावापुढची फुली बघून का हलते? कलकत्ता काढलंत तर परवीन फक्त एक चौकस वकील उरते. मग ती त्या जनान्यात परत परत का जाते, याला उत्तर राहत नाही.

सातबारा:

वकिली करतो, म्हणून या धाग्यात थोडी भर घालायची इच्छा आहे. लांबलं तर समजून घ्या.

पडदानशीन बाईच्या सहीबद्दल आपल्याकडच्या कोर्टांनी एकोणिसाव्या शतकापासून एक तत्त्व फार ठामपणे पाळलं आहे आणि प्रिव्ही कौन्सिलनेही (लंडनमधलं तेव्हाचं शेवटचं अपील न्यायालय) ते वेळोवेळी उचलून धरलं. एरवी तुम्ही कागदावर सही केलीत की तो तुम्हाला बांधतो. फसवलं गेलं म्हणत असाल तर ते सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. पडदानशीन बाईच्या बाबतीत हे ओझं उलटं होतं. जो त्या कागदावर हक्क सांगतोय त्याने सिद्ध करायचं की बाईला मजकूर कळला होता. नुसता वाचून दाखवला एवढं पुरत नाही. तिला त्याचा परिणाम समजला होता का, तिला स्वतंत्र सल्ला मिळाला होता का, ती आपल्या बुद्धीने वागली का, हे सगळं बघतात. त्यामुळे कादंबरीतली ती फुली नुसती नाट्यासाठी घातलेली नाही. कोर्टात त्या एका फुलीवर सगळा व्यवहार उलटू शकला असता आणि कागद करून घेणाऱ्याला हे ठाऊक असायला हवं होतं.

दुसरी गोष्ट. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम १३२ आहे. रिवाजाप्रमाणे ज्या बायकांना लोकांसमोर यायला लावू नये, त्यांना कोर्टात प्रत्यक्ष हजेरीतून सूट. मग त्यांची जबानी घ्यायला कमिशन, म्हणजे कोर्टाने नेमलेला माणूस, घरी जायचं आणि बाई पडद्याआडून उत्तरं द्यायची. आता बघा, बोलणारी बाई तीच आहे की दुसरीच कुणी तिच्या नावाने बोलतेय, हे बाहेर बसलेल्या पुरुषाने ओळखायचं कसं? सोबतच्या नातेवाइकाने ओळख पटवायची. तो नातेवाईकच लबाड असेल तर? परवीनसारखी बाई आत जाऊन चेहरा बघू शकते, हात बघू शकते, कोण कुणाकडे बघून उत्तर देतंय ते बघू शकते. तळटीप म्हणतात ते 'चावी असलेली एकच बाई' हे कायद्याच्या अंगानेही अगदी खरं आहे.

एक स्वतःचा अनुभव. वकिलीच्या सुरुवातीच्या काळात एका वयस्क बाईंचं हक्कसोडपत्र करायचं होतं. भावांनी सगळं तयार करून आणलं होतं, बाई अंगठा उठवायला बसल्या होत्या, शाईचा पॅड उघडलेला. माझे वरिष्ठ म्हणाले, थांबा. त्यांनी भावांना बाहेर बसवलं, मजकूर वाचून दाखवला आणि मग कागद पालथा घातला. म्हणाले, 'आता यात काय लिहिलंय ते तुम्ही मला सांगा.' बाई म्हणाल्या, 'जमीन भाऊ बघतील, पण माझा वाटा माझाच राहील.' कागदात बरोबर उलटं होतं. त्या दिवशी अंगठा उठला नाही. कादंबरीत परवीन त्या विधवांना 'तुम्ही काय लिहून दिलंय असं तुम्हाला वाटतं?' अशा अंगाने बोलतं करते तेव्हा मला तो पालथा घातलेला कागद आठवला. हे काम असंच होतं.

अबोली:

सातबारा, हा प्रतिसाद जपून ठेवते आहे. 'माझा वाटा माझाच राहील' वाचून गलबलून आलं.

झुळूक:

मी यातलं काहीच वाचलेलं नाही. प्रश्न असा की इंग्रजी फार जड आहे का? आणि क्रमानेच वाचायला हवं का? सातबारांच्या प्रतिसादानंतर आता थांबवत नाही.

निशाचर:

झुळूक, इंग्रजी सोपं आहे. गुजराती-उर्दू शब्द येतात पण आपल्याला ते अडत नाहीत, उलट घरचेच वाटतात. क्रम मात्र पाळा. पहिल्या भागात लग्नाचं जे कळतं ते पुढच्या प्रत्येक भागात तिच्या मागे मागे येतं. दुसरा भाग 'द सातापूर मूनस्टोन' (२०१९). मुंबई सोडून सह्याद्रीत, एका काल्पनिक संस्थानात. तिथे दोन राण्या, सासू आणि सून, बाळराजाच्या शिक्षणावरून भांडतायत आणि दोघी पडद्यात. कोल्हापूर एजन्सी, म्हणजे संस्थानांवर देखरेख करणारं इंग्रजांचं कार्यालय, परवीनला पाठवते. पाऊस, जंगल, पालखीतला प्रवास. मला चारांतला हाच सगळ्यात जास्त आवडला, कारण इथे ती एकटी आहे. वडिलांचं नाव, पेढी, ओळखी, काही पाठीशी नाही.

रानवाट:

परवीनमागे ज्या खऱ्या बायका आहेत त्यांच्याबद्दल लिहायलाच हवं.

पहिली कॉर्नेलिया सोराबजी. जन्म १८६६, नाशिकचा. शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात, आणि मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर. परीक्षेत अव्वल आली, त्या क्रमांकाला विलायतेला जायची शिष्यवृत्ती मिळायची, पण बाई म्हणून नाकारली. मग विलायतेतल्या हितचिंतकांनी पैसे जमवले आणि ती १८८९ मध्ये ऑक्सफर्डच्या सोमरविल कॉलेजात गेली. १८९२ मध्ये तिथली बीसीएलची (कायद्याच्या पदवीची) परीक्षा देणारी ती पहिली बाई. परीक्षा दिली, उत्तीर्ण झाली, पण पदवी हातात पडली १९२२ मध्ये, कारण १९२० पर्यंत ऑक्सफर्ड बायकांना पदवीच देत नव्हतं. तीस वर्षं! मधल्या काळात तिने काय केलं? १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये (अज्ञान वारसांच्या इस्टेटी सांभाळणारं सरकारी खातं) पडदानशीन बायका आणि अज्ञान वारसांसाठी काम केलं. राजवाड्यांतून, हवेल्यांतून फिरली. सुमारे सहाशे बायका-मुलांना तिने मदत केली असं सांगतात. 'इंडिया कॉलिंग' (१९३४) हे तिचं आत्मचरित्र मिळालं तर जरूर वाचा. विषप्रयोगाच्या भीतीत वाढणारे छोटे वारस, दागिन्यांवरून अडलेल्या विधवा, हे सगळं तिने डोळ्यांनी बघितलेलं आहे.

दुसरी मिठन टाटा, लग्नानंतर मिठन लाम. आई हेराबाईंबरोबर १९१९ मध्ये लंडनला गेली, बायकांना मताधिकार मिळावा म्हणून तिथे बाजू मांडली, आणि तिथेच कायदा शिकली. १९२३ मध्ये लिंकन्स इन या लंडनच्या वकिलांच्या संस्थेतून बॅरिस्टर झाली आणि मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणारी पहिली बाई ठरली. पुढे १९४७ मध्ये मुंबईची शेरीफ.

१९२३ हे साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी बायकांना वकिलीची आडकाठी काढणारा कायदा झाला. त्याआधी १९१६ मध्ये रेजिना गुहा यांनी कलकत्ता उच्च न्यायालयात अर्ज केला होता. पूर्ण पीठाने तो फेटाळला. परवीनची गोष्ट १९२१ मध्ये सुरू होते, म्हणजे बरोब्बर त्या दाराच्या उंबऱ्यावर. लेखिकेने हे साल फार विचाराने निवडलंय.

पण एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. कॉर्नेलिया आणि परवीन यांच्यात मोठा फरक आहे. कॉर्नेलिया इंग्रज राजवटीच्या बाजूची होती. गांधींच्या चळवळीला तिचा विरोध होता, आणि १९२७ मध्ये कॅथरिन मेयो या अमेरिकन लेखिकेच्या, भारतीय समाजावर कडक टीका करणाऱ्या 'मदर इंडिया' या पुस्तकावरून देश पेटला तेव्हा ती मेयोच्या बाजूने उभी राहिली. त्याची तिला फार किंमत मोजावी लागली. आपण तिला विसरलो त्यामागे हेही एक कारण आहे असं मला वाटतं. परवीनला स्वराज्याबद्दल ओढ आहे. आजच्या वाचकाला ती लगेच आपली वाटते. कॉर्नेलिया आपली वाटायला कष्ट पडतात. मला तरी कॉर्नेलियाच जास्त खुणावते. एवढी धाडसी बाई आणि तरी या बाबतीत तिचं मत असं का, हे कोडं कुठल्याही खुनापेक्षा अवघड आहे.

अंकलिपी:

रानवाट, तुम्ही माझ्या मनातलं बोललात. माझी दुसरी तक्रार हीच. परवीनची मतं प्रत्येक बाबतीत आजची आहेत. धर्म, जात, नोकरचाकर, स्वराज्य, कुठेच ती चुकत नाही. १९२१ मधल्या श्रीमंत घरातल्या मुलीला काहीतरी पूर्वग्रह असणारच ना? इतिहासातलं पात्र घडवायचं तर त्या काळाचे दोषही त्याच्या अंगाला लागले पाहिजेत.

अबोली:

अंकलिपी, ती कुठेच चुकत नाही असं नाही हो. लग्नाचा निर्णय आठवा. शिकलेली, वकिलाची मुलगी, आणि थोड्याच दिवसांच्या ओळखीवर जीव टाकावा तशी त्या मुलामागे जाते. कागद वाचता येणाऱ्या मुलीला माणूस वाचता आला नाही. आणि कित्येकदा ती त्या विधवांना काय हवंय हे स्वतःच ठरवून मोकळी होते. एकीला पडद्यातच राहायचंय, तिला तिथे सुरक्षित वाटतं, हे परवीनला पटायला वेळ लागतो. मला तो भाग फार खरा वाटला. सुटका करायला निघालेल्या माणसाला समोरच्याची इच्छा ऐकू येत नाही, असं होतं.

मला मात्र ज्या भागाबद्दल बोलायचंय तो वेगळाच आहे. सासरी दर महिन्याला परवीनला एका लहानशा खोलीत वेगळं बसवतात, ती प्रकरणं. मी ती एका दमात वाचू शकले नाही. लेखिका आवाज चढवत नाही. फक्त खोली दाखवते, दार दाखवते, आणि दिवस मोजते. शिकायला मिळेल, नवऱ्याबरोबर कामात लक्ष घालता येईल अशी आशा घेऊन आलेली मुलगी त्या खोलीत बसून आपली पुस्तकं आठवते. तिच्या आईच्या घरी हे असं नव्हतं, म्हणून धक्का जास्त. पुढे ती मलबार हिलच्या जनान्यात पाऊल टाकते तेव्हा ती खोली आपण विसरलेलो नसतो. तळटीप, तुमचं बरोबर आहे, कलकत्ता काढता येणारच नाही.

हे वाचताना मला सारखी रखमाबाई आठवत होती. अकराव्या वर्षी लग्न, पुढे सासरी जायला नकार, आणि नवऱ्याने मुंबई उच्च न्यायालयात लावलेला दावा. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. तो फिरला आणि १८८७ मध्ये हुकूम झाला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैदेत जा. ती म्हणाली, कैदेत जाईन. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, ती विलायतेला जाऊन डॉक्टर झाली आणि सुरतेला जाऊन काम करू लागली. परवीनच्या जन्माआधीची ही गोष्ट, त्याच शहरातली, त्याच कोर्टातली. मालिकेत जमशेदजींसारखे वडील आहेत, जे मुलीला परत घरी घेतात. रखमाबाईमागेही तिचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन उभे होते. एक माणूस पाठीशी असला की काय होतं, आणि नसला की काय होतं, या प्रश्नाभोवती माझं मन अजून फिरतंय.

निशाचर:

अबोली, सुंदर लिहिलंत.

तिसऱ्या भागाबद्दल कुणीच बोललं नाही. 'द बॉम्बे प्रिन्स' (२०२१). १७ नोव्हेंबर १९२१, प्रिन्स ऑफ वेल्स अपोलो बंदरावर उतरला तो दिवस. काँग्रेसचा बहिष्कार, परळला विलायती कपड्यांची होळी, आणि मग तीन-चार दिवस शहरभर दंगल. स्वागताला गेलेले पारशी, अँग्लो-इंडियन, ख्रिस्ती मार खातात, मग तेही उलटून हल्ले करतात, आणि गांधी उपासाला बसतात. हे सगळं खरं घडलेलं. कादंबरीत मिरवणूक कॉलेजसमोरून जात असतानाच एक अठरा वर्षांची पारशी विद्यार्थिनी वरच्या सज्जातून पडून मरते. तीच मुलगी थोड्या दिवसांपूर्वी परवीनकडे सल्ला मागायला आलेली असते: मिरवणुकीला हजर राहायचं नाकारलं तर कॉलेज काय करू शकतं?

मला यात एक गोष्ट फार भिडली. त्या दिवशी परवीन पारशी म्हणून रस्त्यावर असुरक्षित आहे आणि स्वराज्य मागणारी म्हणून मिरवणुकीत परकी. तिला उभं राहायला जागाच नाही. अंकलिपी, तुम्हाला जो काळाचा काटा हवा होता तो इथे टोचतो, बघा वाचून.

आणि त्या दिवशी गेटवे ऑफ इंडिया अर्धवटच होतं, माहीत आहे? ते पुरं झालं १९२४ मध्ये. राजपुत्राचं स्वागत कमान पूर्ण नसलेल्या बंदरावर झालं. तिथून जाताना आता मला कमानीऐवजी बांधकामाच्या परांच्याच दिसतात.

अंकलिपी:

निशाचर, तिसरा भाग घेतो. सल्ला मागायला आलेली मुलगीच मरते ही कोड्याची सुरुवात चांगली आहे. वकिलाने दिलेला सल्ला खुनाला कारणीभूत झाला का, असा प्रश्न येतो ना? तसं असेल तर माझी तक्रार अर्धी मागे.

तळटीप:

हो, अगदी तोच प्रश्न परवीनला छळतो.

चौथ्याबद्दल मी लिहिते, कारण मला तो सगळ्यात धीट वाटतो. 'द मिस्ट्रेस ऑफ भाटिया हाऊस' (२०२३). साल १९२२. बायकांसाठी इस्पितळ काढायचं म्हणून श्रीमंतांच्या घरी निधी जमवायचा समारंभ. तिथे यजमानांच्या नातवाच्या कपड्यांना आग लागते आणि त्याची आया, सुनंदा, अंगावर झेप घेऊन त्याला वाचवते. स्वतः भाजते. त्यानंतर परवीनला ती दिसते ती पोलिसांच्या ताब्यात. आरोप गर्भपाताचा. आणि तक्रार करणारा माणूस शोधायला गेलं तर सापडतच नाही.

सातबारांनी दुरुस्ती करावी, पण मी शोधून वाचलं. भारतीय दंड संहितेचं कलम ३१२ गर्भपात घडवून आणणाऱ्याला शिक्षा सांगायचं, आणि खाली स्पष्टीकरणात लिहिलेलं होतं की स्वतःचा गर्भपात करणारी बाईही या कलमात येते. १८६० चा कायदा. थेट १९७१ च्या कायद्यापर्यंत, बाईचा जीव वाचवण्यापुरती सोडली तर, दुसरी वाटच नव्हती. वरच्या दिवाणखान्यात बायकांच्या आरोग्यासाठी देणग्या जाहीर होतायत आणि ज्या बाईच्या आरोग्याचा खरा प्रश्न आहे ती कोठडीत, भाजलेल्या हातांनी. लेखिका हे दोन्ही शेजारी ठेवते आणि काही बोलत नाही.

इथे परवीनला आत शिरायला जनाना नाही, पडदा नाही. नोकराणीच्या बाजूने कोणी वकील उभा राहत नाही, एवढंच दार बंद आहे. म्हणून मला वाटतं पहिल्या भागातली फुली इथे पुन्हा येते. सुनंदाच्या नावावर कुणीतरी काहीतरी लिहून ठेवलंय आणि ते तिला वाचता येत नाही.

सातबारा:

दुरुस्ती काही नाही, बरोबर आहे. फक्त एक जोडतो. जामिनासाठी कुणीतरी उभं राहावं लागतं, आणि सुनंदासारखीला कोण उभं राहणार? परवीन त्या बाबतीत जे करते ते वकिलाने करू नये असं आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवतात. अशिलाशी एवढं गुंतायचं नाही. तिने केलं ते चूक की बरोबर यावर मी आमच्या कनिष्ठांशी एक अख्खी संध्याकाळ वाद घातला. एकमत झालं नाही.

रानवाट:

त्या वादात मला बोलवा.

झुळूक:

काल रात्री पहिला भाग संपला. नऊ दिवस लागले, कारण अबोली म्हणाल्या ती खोलीची प्रकरणं मलाही थांबत थांबतच वाचावी लागली.

खुनी ओळखता आला नाही. पण शेवटचं पान झाल्यावर मी मागे गेले आणि ते कागदाचं प्रकरण पुन्हा काढलं. पहिल्यांदा वाचताना मी 'फुली' ही ओळ सहज ओलांडून गेले होते. तळटीप यांनी इतकं लिहिलेलं असूनही, पुढे काय होतं या घाईत. दुसऱ्यांदा ती ओळ सावकाश वाचली आणि मग प्रत्येकीला पुढे कोण काय म्हणालं होतं ते शोधत बसले. पेन्सिलीने समासात खुणा केल्यात, एकूण अकरा झाल्या. सगळं समोरच होतं, अंकलिपी.

सातापूर मागवलंय. येईपर्यंत तिघींतली धाकटी काय काय म्हणते तेवढं परत एकदा वाचणार आहे.